घर पास झालं, पण खाली वाकून कोण बघणार?

मागच्या दिवाळीला आमच्या इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा होतो आणि दहा मिनिटांत दोघांनी मला एकच प्रश्न विचारला, मोबाइल होम पार्कमध्ये पैसे घालावेत का. मी सिव्हिल इंजिनिअर, अमेरिकेच्या दक्षिण भागात राहतो, आणि गेली काही वर्षं फॅक्टरीत तयार होऊन ट्रकवर येणारी ही घरं जागेवर नीट बसवलीत का ते तपासायचं काम करतो, म्हणून विचारलं असेल. लॉटचं, म्हणजे पार्कमधल्या एकेका घराच्या जागेचं, भाडं किती येतं, किती लॉट रिकामे राहतात, भाडेकरू टिकतात का, सगळं विचारून झालं. त्या घरांच्या खाली काय असतं हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही. त्यांना दोष देत नाहीये, कारण घर विकणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही आणि कायदासुद्धा तिथे पोचेपर्यंत दमलेला असतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. अमेरिकेत मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणजे लोखंडी चासीवर फॅक्टरीत अख्खं बांधलेलं घर, आत किचन, बाथरूम, वायरिंग सगळं होऊन येतं, एका तुकड्याचं असलं तर सिंगलवाइड आणि दोन तुकडे जागेवर जोडले तर डबलवाइड. पूर्वी याला मोबाइल होम म्हणायचे, लोक अजूनही तेच म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने मधे एक रेघ आहे, १५ जून १९७६. त्या दिवसापासून केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचा, ज्याला इथे सगळे हड म्हणतात, त्याचा देशभर एकच बांधकाम कोड लागू झाला. त्यासाठीचा कायदा १९७४ चा. बाकी घरांना गावोगावचे वेगवेगळे कोड, या घरांना मात्र पूर्ण देशात एकच. दोन कोटींच्या आसपास माणसं अशा घरांमधे राहतात. वर्षाला लाखभर नवीन घरं फॅक्टरीतून बाहेर पडतात, १९९८ मधे हाच आकडा साडेतीन लाखांच्या वर होता. किंमत जमीन सोडून सरासरी सव्वा लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे जागेवर बांधलेल्या नव्या घरापेक्षा खूपच कमी. त्यामुळे इथे राहणारा माणूस कोण, तर रिटायर झालेला, एकटी आई, शेतावर किंवा कोंबड्यांच्या कारखान्यात राबणारा, ज्याला दुसरं घर परवडत नाही तो.

फॅक्टरीतली तपासणी चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतोय. डिझाइन एक बाहेरची संस्था मंजूर करते, बांधकाम चालू असताना दुसरी संस्था तपासते, आणि प्रत्येक घर निदान एका टप्प्यावर तरी त्यांच्या माणसाच्या डोळ्याखालून जावंच लागतं. त्यांचा पगार फॅक्टरीच देते ही गोष्ट मला खटकते, पण त्या संस्थांवर वरून हडची नजर असते आणि एकंदरीत व्यवस्था चालते. मग घराच्या मागच्या बाजूला लाल रंगाची छोटी धातूची पट्टी ठोकतात, डबलवाइड असेल तर दोन्ही तुकड्यांना एकेक. आत किचनच्या कपाटात किंवा इलेक्ट्रिक पॅनेलजवळ एक कागद चिकटवलेला असतो, घर कुठल्या वाऱ्याच्या झोनसाठी बांधलंय, छपरावर बर्फाचं किती वजन धरलंय, सगळं त्यावर. ती लाल पट्टी हरवली तर दुसरी मिळत नाही, फक्त ती होती असं पत्र मिळतं. बँका ती पट्टी बघतात, विमेवाले बघतात. सगळ्यांचा जीव त्या पट्टीत.

पण ती पट्टी सांगते काय, तर घर फॅक्टरीच्या दारातून बाहेर पडताना बरोबर होतं. त्यानंतर ते ट्रकवर चढतं, दोनशे तीनशे मैल हायवेवर हादरे खातं, आणि एका मातीच्या प्लॉटवर येऊन थांबतं जिथे तीन चार माणसं, एक ट्रॅक्टर, काँक्रीटचे ब्लॉक आणि जॅक घेऊन उभी असतात. खरं घर इथे बनतं. खाली ब्लॉकचे खांब, ज्यांना पिअर म्हणतात, ते किती अंतरावर, त्यांच्या खाली काँक्रीटची पाटी आहे का नुसती माती, ब्लॉक आणि चासीच्या मधे लाकडी पाचरी घट्ट आहेत का, जमिनीत फिरवून घातलेले अँकर किती खोल गेलेत, चासीपासून अँकरपर्यंतची लोखंडी पट्टी ताणलेली आहे का लोंबतेय. एका अँकरने ३,१५० पौंडांचा भार घ्यायचा आणि त्याच्या दीडपट, म्हणजे ४,७२५ पौंडांपर्यंत निसटायचं नाही असा नियम आहे. ते जमणं न जमणं मातीवर अवलंबून, आणि माती प्रत्येक प्लॉटवर वेगळी.

एक उदाहरण सांगतो. एका म्हाताऱ्या बाईंचं सिंगलवाइड, दुसऱ्या काउंटीतून जुनं घेऊन हलवून आणलेलं. तक्रार काय, तर बेडरूमचं दार लागत नाही. सुताराकडून दोनदा रंधा मारून घेतला होता, दार वरून चांगलंच कमी झालेलं, तरी सहा महिन्यांनी परत अडकायला लागलं. मी स्कर्टिंगचा, म्हणजे घराखालची मोकळी जागा चारी बाजूंनी झाकणाऱ्या आवरणाचा, एक पॅनेल काढून टॉर्च घेऊन पोटावर सरपटत आत गेलो. बेडरूमच्या खालचे दोन पिअर नुसत्या मातीवर ठेवलेले, एक जवळजवळ दोन इंच खचलेला, त्याच्यावरची पाचर गळून बाजूला पडलेली. म्हणजे दार सरळच होतं, घरच वाकडं झालं होतं. कपडे वाळवायच्या मशीनचा पाइप बाहेर काढायच्या ऐवजी घराच्या खालीच सोडलेला, सगळी दमट हवा खाली कोंडून फ्लोअरची लाकडं ओली आणि वर धाग्यांचा कापसासारखा थर, जो पेटायला एक ठिणगी पुरते. आणि कोपऱ्यातला अँकर. वरून दिसायला एकदम व्यवस्थित, डोकं आहे, पट्टी आहे. मी हाताने धरून हलवला तर हातात आला. फूटभर दांडा, खालचा स्क्रूसारखा पंखा कापून टाकलेला, बहुतेक खाली खडक लागला असेल आणि बसवणाऱ्या पोराने मशीनशी झटापट करण्यापेक्षा कापून माती लोटून दिली. बाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या, मी तो दांडा त्यांच्या हातात दिला, त्या बराच वेळ तो उलटसुलट करून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, मी तर वादळात याच्याच भरवशावर झोपत होते.

त्या घराला लाल पट्टी होती, आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं, कारण बसवण्याचे केंद्राचे नियम फक्त नव्या घराच्या पहिल्या बसवण्याला लागू होतात. जुनं घर उचलून दुसरीकडे नेलं की सगळं त्या त्या राज्यावर.

आता प्रशिक्षणाच्या मुद्द्यावर येतो, कारण सध्या इन्स्टॉलर, म्हणजे घरं बसवणाऱ्या, लोकांत आणि विकणाऱ्यांच्या संघटनांत वाद त्यावरच असतो. २००० साली अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, जुना कायदा सुधारला आणि पहिल्यांदा म्हटलं की बसवणाऱ्यालाही लायसन पाहिजे, ट्रेनिंग पाहिजे, आणि तपासणी पाहिजे. म्हणजे १९७६ ते २००० चोवीस वर्षं देशाने घर कसं बांधायचं ते ठरवलं होतं, पण ते उभं कसं करायचं ते प्रत्येक राज्याच्या मर्जीवर सोडलं होतं. ज्या राज्यांनी स्वतःची व्यवस्था केली नाही तिथे हड स्वतः ती चालवतं, आणि तिथला नियम असा की नवीन लायसनसाठी १२ तास ट्रेनिंग, परीक्षेत ७० टक्के, आधीचा कामाचा अनुभव, आणि पुढे दर तीन वर्षांनी लायसन रिन्यू करताना ८ तास कंटिन्युइंग एज्युकेशन. तीन वर्षांत आठ तास! आणि एवढ्यावरसुद्धा कुरकुर चालते की धंद्याचा दिवस बुडतो, हा फालतू सरकारी ताप आहे.

मला कुरकुर करणाऱ्या माणसांचा राग येत नाही, उलट त्यांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. ते आठ तास जसे घेतले जातात तसे ते खरंच फुकट जातात. असे क्लास मी पाहिलेत. हॉटेलच्या हॉलमधे गोल टेबलं, मागे कॉफी, समोर स्लाइड, आणि वीस वीस वर्षं घराखाली पाठ घासलेली माणसं हाताची घडी घालून बसलेली. शिकवणारा नियमांचे नंबर वाचून दाखवतो. माणसं सही करतात, जेवतात, सर्टिफिकेट घेतात, जातात. आता बरेच तास ऑनलाइनही होतात, म्हणजे एका खिडकीत व्हिडिओ चालू आणि माणूस ट्रकमधे दुसऱ्या साइटला निघालेला. यातनं कोणाचा अँकर एक इंचही खोल जात नाही.

म्हणून तास कमी करा हे उत्तर नाहीये, तास घराखाली न्या हे उत्तर आहे. माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यासाठी हा सगळा लेख. आठ तासांपैकी निदान चार तास एखाद्या पाच दहा वर्षं जुन्या घराखाली झाले पाहिजेत, ज्यानं ते बसवलं त्याचं नाव न विचारता, आणि तिथे इन्स्टॉलर आणि इन्स्पेक्टर दोघं एकत्र सरपटत गेले पाहिजेत. कारण आज इन्स्टॉलरला स्वतःची चूक कधी दिसतच नाही. त्याने घर सोमवारी लेव्हल केलं, मंगळवारी तो दुसऱ्या काउंटीत. पाचर गळून पडते दोन पावसाळ्यांनी, पिअर खचतो तीन हिवाळ्यांनी, तेव्हा तो तिथे नसतो. पट्टी जिथे जमिनीला टेकते नेमकी तिथेच गंज कसा धरतो हे त्याने एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढच्या साइटवर तो आपोआप पट्टी मातीच्या वर ठेवेल, त्याला स्लाइड लागणार नाही. मातीचं पण तेच, टॉर्कचा प्रोब, म्हणजे माती किती घट्ट आहे ते मोजायची दांडी, जमिनीत फिरवून आकडा वाचायला आणि त्यावरून अँकरची लांबी ठरवायला दहा मिनिटं लागतात, पण ते हाताने करून बघावं लागतं, आणि मला असे लायसनवाले भेटलेत ज्यांनी तो प्रोब परीक्षेनंतर कधी हातात घेतला नाही, सगळीकडे एकच लांबीचा अँकर, कारण दुकानात तोच मिळतो. शिवाय प्रत्येक कंपनीच्या घराबरोबर येणारं बसवायचं मॅन्युअल वेगळं असतं आणि ते बदलत राहतं, नवीन मॉडेलमधे खांबांच्या जागा बदलल्या तर ते सांगणार कोण, त्यासाठी तर हे शिक्षण आहे.

दुसरी गोष्ट तपासणीची वेळ. हड ज्या राज्यांत स्वतः बघतं तिथे प्रत्येक नव्या घराचं बसवणं पात्र माणसाने तपासायचं असतं, पण ज्या राज्यांची स्वतःची व्यवस्था आहे त्यांनी फक्त योग्य प्रमाणात घरं तपासावीत एवढीच अपेक्षा आहे, आणि ते योग्य प्रमाण म्हणजे काय हे बजेट बघून ठरतं. बरं, तपासायला माणूस येतो तोपर्यंत अनेकदा स्कर्टिंग लागलेली असते, पायऱ्या लागलेल्या, बाई पडदे लावत असतात. मग तो एक पॅनेल उघडून टॉर्च मारतो, समोरचे चार पिअर दिसतात, मधली जोडरेघ, जिथे डबलवाइडचे दोन भाग एकत्र येतात आणि सगळ्यात जास्त वजन असतं, ती दिसतच नाही. स्कर्टिंग लावायच्या आधी तपासणी, प्रत्येक घराची, नव्या आणि हलवून आणलेल्या दोन्ही, आणि सही होईपर्यंत विजेचं कनेक्शन नाही, इतकं साधं आहे हे. वीज हा एकच दोर असा आहे की जो ओढला तर सगळे थांबतात.

यावर समोरून येणारा मुद्दा मी हलका मानत नाही. ही गरिबाची घरं आहेत, प्रत्येक नवीन नियमाने किंमत वाढते, आणि किंमत वाढली की एखादं कुटुंब त्या घरातून बाहेर फेकलं जातं, मग ते कुठे जाणार, तर १९७६ च्या आधीच्या एखाद्या डब्यात किंवा गाडीत. खरं आहे. खेड्यातल्या काउंटीत इन्स्पेक्टर मिळत नाही आणि घर पंधरा दिवस तसंच पडून राहतं हेही खरं आहे. पण हिशोब करून बघा. सव्वा लाख डॉलरच्या घरावर अशी तपासणी काहीशे डॉलरची. तीच चूक पाच वर्षांनी दुरुस्त करायची तर घर परत जॅकवर घ्यावं लागतं, ओलं फ्लोअर काढावं लागतं, आणि ते पैसे भरणार कोण? या घरांची कर्जं बऱ्याचदा घरासारखी नाही तर गाडीसारखी दिली जातात, व्याज चढं, जमीन भाड्याची. दोष निघाला की फॅक्टरी म्हणते बसवणाऱ्याची चूक, बसवणारा म्हणतो फॅक्टरीतूनच वाकडं आलं, विकणारा दोघांकडे बोट दाखवतो. यासाठीसुद्धा २००० च्या कायद्यात भांडण मिटवायची सोय ठेवलीय, पण ती पहिल्यांदा बसवल्यापासून एका वर्षाच्या आत कळवलेल्या दोषांसाठी. पिअर खचायला एका वर्षापेक्षा जास्त लागतं हो! म्हणजे आज तपासणीचे काहीशे डॉलर वाचतात ते गरिबाचे वाचत नाहीत, ते विकताना वाचतात आणि नंतर त्या गरिबाकडून व्याजासकट वसूल होतात.

नियमांनी काही होत नाही म्हणणाऱ्यांनी अँड्र्यू वादळ आठवावं. २४ ऑगस्ट १९९२, दक्षिण फ्लोरिडा, मायामीच्या खालच्या भागात मोबाइल होमचे अख्खे पार्क सपाट झाले, फोटोंमधे फक्त चासी आणि विटकरीसारखे पडलेले ब्लॉक दिसतात. त्यानंतर हडने वाऱ्याचे नियम बदलले, १९९४ पासून किनाऱ्याजवळची घरं ताशी १०० आणि ११० मैलांच्या वाऱ्यासाठी बांधायला लागली, तेव्हाही उद्योगाने महागाईची ओरड केली होती. पण २००४ मधे फ्लोरिडात एकामागून एक वादळं आली तेव्हा नवीन नियमांची घरं जुन्यांपेक्षा कितीतरी चांगली टिकली. तरी तो नियम किनाऱ्याचा. आत गेलात की झोन एक, वाऱ्याचा आकडा ७० मैल. ३ मार्च २०१९ ला अलाबामाच्या ली काउंटीत टॉर्नेडो आला, २३ माणसं गेली, त्यातली १९ अशाच घरांमधली. पाहणी करणाऱ्यांना गंजलेल्या पट्ट्या दिसल्या, काही घरांना धड अँकरिंगच नव्हतं. तो टॉर्नेडो इतका जबरदस्त होता की मधोमध सापडलेलं घर कुठल्याही अँकरने वाचलं नसतं, हे मला मान्य आहे, खोटी आशा दाखवायची नाहीये. टॉर्नेडोचा इशारा आला की या घरातून बाहेर पडून पक्क्या जागी जायचं, अँकर कितीही चांगला असो. पण बहुतेक टॉर्नेडो कमी ताकदीचे असतात, आणि मोठ्या टॉर्नेडोच्याही कडेला वारा कमी असतो, तिथे घर जागेवर राहतं का उलटं होतं हे त्या अँकरच्या पट्टीवर ठरतं. अमेरिकेत टॉर्नेडोत घरात मरणाऱ्यांपैकी साधारण निम्मे या घरांमधले असतात, आणि देशातल्या एकूण घरांमधे ही घरं शंभरात सहा सातच.

मी लातूरकडचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी शाळकरी पोरगा होतो, आम्ही औशाच्या बाजूला, आमचं घर थोडक्यात वाचलं. किल्लारीत भूकंपाने जेवढी माणसं मारली त्यापेक्षा दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या वजनाने जास्त मारली, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळलं होतं. नंतर घरं मजबूत करायचा कार्यक्रम आला तेव्हा गवंड्यांना प्रशिक्षण दिलं गेलं, आणि माझ्या आठवणीत ते भिंतीसमोर उभं राहून दिलं गेलं. एक इंजिनिअर जुन्या भिंतीतून दगड काढून दाखवायचे की बघा, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना कुठे धरूनच नाहीत, मधे आरपार जाणारा दगड पाहिजे. आमच्या गल्लीतले गवंडी काका, ज्यांनी आयुष्यभर तशाच भिंती बांधल्या होत्या, ते त्या पोकळीत हात घालून उभे होते, काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी बांधलेल्या प्रत्येक भिंतीत जोडदगड होता. त्यांनी परीक्षा दिली नव्हती, त्यांना लायसनही नव्हतं. आपल्याकडे तारतंत्रीला परवाना लागतो, लिफ्टला सरकारी निरीक्षक लागतो, गवंड्याला आजही काही लागत नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर कधीतरी लिहीन. इथे अमेरिकेत बसवणाऱ्याला लायसन आहे, तास आहेत, परीक्षा आहे, फक्त त्या पोकळीत हात घालायची सोय कोणी ठेवलेली नाही.

त्या दिवाळीतल्या दोघांपैकी एकाने जानेवारीत फोन केला. दादा, एक पार्क बघितलाय, चाळीस लॉट आहेत, येतोस का बघायला. गेलो. मालक ऑफिसमधे भाड्याचे कागद दाखवत होता, मी गाडीतून ओव्हरऑल आणि टॉर्च काढला आणि मित्राला म्हटलं, तूपण कपडे बदल, आधी खाली जाऊ. तो आधी हसला, मग आला. सात नंबरच्या घराखाली आम्ही दोघं कोपरांवर सरकत निम्म्यापर्यंत गेलो, आणि मी काही बोलायच्या आधी त्यानेच एका सैल पट्टीला बोट लावून ती गिटारच्या तुटक्या तारेसारखी हलवून बघितली, मग पुढची, मग त्याच्या पुढची, आणि मला विचारलं, वर कोण राहतं रे?

वरून लहान मुलाच्या पळण्याचा आवाज येत होता.